आधी मानस, मग बियाणे: बदललेल्या पावसात गोव्यातली भातशेती कोणत्या क्रमाने करावी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला येणारे फोन ठरलेले असतात. कुणाचा तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपं, करपलेला असतो, कुणाचा कुजलेला. खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या खाऱ्या सखल शेतात, टाकलेली रोपं आठ दिवसांत शेंड्याकडून पांढरी पडलेली असतात. ऑक्टोबरात दुसरी खेप येते, तेव्हा भात कापून पसरलेलं असतं आणि वर पाऊस. बोलता बोलता कळतं की बियाणं चांगलं होतं, खतही पडलं होतं, कामांचा क्रम तेवढा चुकला. बियाणं आधी घेतलं आणि मानशीकडे, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दारांकडे, शेवटी पाहिलं.

मिरगाला पेर आणि दिवाळीआधी काप, हे गणित आता जसंच्या तसं चालत नाही. २०२३ मध्ये मान्सून ८ जूनला केरळात पोचला, गोव्यात यायला ११ जून उजाडला, आणि नंतरचा ऑगस्ट देशभर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. २०२५ मध्ये तोच मान्सून २४ मेला केरळात उतरला आणि लगेच आपल्याकडे आला. कित्येकांची नांगरट तेव्हा व्हायची होती. एकाच तारखेवर बेतलेली शेती या दोन्ही वर्षांत फसली. म्हणून खालचे टप्पे तारखांवर बांधलेले नाहीत. आधीचं काम पुरं झालं की पुढचं, एवढाच नियम.

१. मार्च-एप्रिल: पाण्याची वाट

बियाण्याची चौकशी करण्याआधी शेताच्या कडेने एकदा पूर्ण चालून या. पाणी कुठून शिरतं आणि कुठून जातं, ते कागदावर काढा. खेर जमिनीत, म्हणजे मधल्या सपाटीच्या गोड्या शेतात, एवढं पुरतं. व्हाळाच्या तोंडचा कचरा काढायचा, शेजाऱ्याच्या मेरेवरून (शेताच्या कडेच्या बांधावरून) येणाऱ्या पाण्याला पाट द्यायचा.

खाजनात काम मोठं आहे आणि एकट्याचं नाही. बांध, मानस आणि पोंय (मानशीच्या आतला पाण्याचा ओहोळ) या तिन्ही गोष्टी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी पाहायच्या. बांधावर खेकड्यांची बिळं शोधा. आतल्या अंगाला ओल पाझरत असेल तिथे काठी रोवून खूण करा. मानशीची दारं नदीचं पाणी उतरलं की बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत आणि भरतीत घट्ट मिटली पाहिजेत. दाराखाली दगड किंवा प्लॅस्टिक अडकलेलं असलं तरी एका उधाणात अख्ख्या खाजनात खारं पाणी भरतं. फळ्या कुजल्या असतील तर त्या मेमध्ये नव्हे, आत्ता बदलायच्या. पोंय गाळाने भरली असेल तर तो उपसून त्याच चिकणमातीने बांध लिंपा. बांधाच्या बाहेरची खारफुटी साफ करू नका, लाटेचा मार तीच खाते.

समुद्राची पातळी चढते तशी सुकतीला पाणी बाहेर पडायची वेळ आखडत जाते. पूर्वी गाळाने अर्धी भरलेली पोंय चालून जायची, आता ती चालत नाही.

अवघड भाग माणसांचा आहे. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, आणि मासे धरणाऱ्याला खारं पाणी आत हवं असतं. भात लावणाऱ्याला नको असतं. पावसाळ्याच्या तोंडावर दारं कुणाच्या शब्दावर चालणार, हे कुळांच्या संघटनेच्या बैठकीत लेखी ठरवून घ्या. बांध फुटण्याच्या बेताला आला असेल तर संघटनेमार्फत मामलेदाराकडे आणि कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे एप्रिलमध्येच अर्ज द्या. फुटल्यावर दिलेल्या अर्जाने त्या वर्षीचं पीक वाचत नाही.

*तपासा:* अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणात, भरती पूर्ण असताना, मानशीच्या आत उभे राहा. आतलं पाणी चढताना दिसलं तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

२. उन्हाळी नांगरट

खाजनात कापणीनंतर जमीन तशीच पडू दिली की ऊन खालचं मीठ वर ओढतं. एप्रिल-मेमध्ये पांढरे डाग दिसतात ते हेच. कोरडी नांगरट करून ढेकळं उघडी ठेवली की मीठ वर चढायची वाट तुटते आणि पहिल्या पावसात ते लवकर धुतलं जातं. मोरडीवर (उंचावरच्या, पावसावरच्या शेतात) आणि खेरीवरही अवकाळी पावसाची पहिली सर साधून नांगरून टाका. २०२५ सारखं वर्ष आलं तर ज्याची नांगरट झाली आहे तोच वेळेत पेरतो.

३. कापणीपासून उलटं मोजा

या एका टप्प्यावर मी सर्वांत जास्त भांडतो. बहुतेक जण पाऊस कधी येईल यावरून वाण ठरवतात. वाण ठरवायचा तो ऊन कधी मिळेल यावरून.

पाऊस लवकर आला म्हणून तो लवकर जातो असं नाही. ११० दिवसांचा वाण २८ मेला पेरला तर तो १५ सप्टेंबरला तयार होतो, आणि त्या वेळी गोव्यात भात वाळवायला हमखास ऊन नसतं. उलट जया, म्हणजे सुमारे १३५ दिवसांचा वाण, २० जूनला पेरला तर नोव्हेंबर उजाडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचा काळ. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या पावसात माझा मयेचा मळा पूर्ण आडवा झाला. वाण जया होता, लावणी उशिरा झाली होती, आणि तो हट्ट माझाच होता.

म्हणून असं करा:

१) कापणीसाठी दोन खिडक्या ठरवा. पहिली सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, दुसरी तिथून दोन आठवडे पुढे.

२) प्रत्येक खिडकीतून वाणाचे दिवस वजा करा. १२० दिवसांचा वाण ३ ऑक्टोबरला कापायचा तर पेरणी ५ जूनला येते. उपटून लावलेलं भात फेकपेरणीपेक्षा आठवडाभर उशिरा पिकतं, तेही मोजा.

३) कापणीच्या ३० दिवस आधी फुलोरा असतो. तो कोणत्या पंधरवड्यात येतो ते लिहून ठेवा. खत आणि पाणी यांचे पुढचे निर्णय त्यावरून होतील.

४) सगळं शेत एका खिडकीत घालू नका. ज्योती किंवा कर्जत-३ सारखा ११० ते १२० दिवसांचा वाण एका भागात, त्याहून दहा-पंधरा दिवस लांबणारा दुसऱ्या भागात. शेत लहान असेल तर वाण एकच ठेवा आणि पेरणी दोनदा करा.

खाजनात मिठाचा प्रश्न आधी सुटला पाहिजे. कोरगुट हा जुना स्थानिक वाण खारेपणा सोसतो, पण उंच वाढतो आणि वाऱ्यात लोळतो. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवडलेले गोवा धान १ आणि गोवा धान २ हे वाण आहेत. बांधाजवळच्या, मीठ हमखास राहणाऱ्या कोपऱ्यांना तेच लावा. मधल्या उंच, गोड्या भागात ज्योती चालते. अख्ख्या खाजनात ज्योती टाकून नशिबाला दोष देणारे मी दरवर्षी बघतो.

*इशारा:* पुरात तग धरणारा म्हणून स्वर्णा-सब१ मागवण्याची टूम निघते. हा वाण वाढीच्या काळात साधारण दोन आठवडे पाण्याखाली जगतो, हे खरं. पण तो १४० दिवसांच्या पुढे जातो आणि फुलोऱ्यातला पूर त्यालाही सोसत नाही. वाळवंटी नदीच्या काठचं, दरवर्षी बुडणारं शेत असेल तरच त्याचा विचार करा.

४. बियाणं निवडणं

१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा आणि बी त्यात ढवळा. तरंगेल ते पोल, काढून टाका. तळाचं बी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. मग किलोला २.५ ग्रॅम थायरम, किंवा रसायन नको असेल तर १० ग्रॅम स्युडोमोनास चोळा. दोन्ही एकत्र करू नका.

घरचं बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. ८० पेक्षा कमी उगवले तर ते बी खायला ठेवा. ऑक्टोबरात भिजलेल्या भातातून राखलेलं बी इथेच उघडं पडतं.

५. तरवा दोन हप्त्यांत

एकाच दिवशी सगळा तरवा टाकणं ही आता परवडणारी चूक राहिलेली नाही. एकूण बियाण्याचे दोन भाग करा. पहिला भाग ठरल्या दिवशी, दुसरा दहा-बारा दिवसांनी. दुसऱ्यात गरजेपेक्षा थोडं जास्त टाका. पुरानंतर नांग्या (रोपं मेलेल्या रिकाम्या जागा) भरायला तोच उपयोगी पडतो.

वाफे सपाट नकोत. मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफे करा आणि दोन वाफ्यांमध्ये चर ठेवा. एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पडले तरी पाणी चरातून निघून जातं. आणि वाफे अशा जागी घ्या जिथे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आठ दिवस पुरवता येईल. २०२३ मध्ये मेअखेरच्या एका सरीवर विश्वासून पेरलेला तरवा पुढच्या कोरड्या दिवसांत करपला. ज्यांच्या वाफ्याजवळ विहीर होती त्यांचा तगला.

*तपासा:* पहिली सर पडली म्हणून पेरू नका. मूठभर माती वीतभर खालून काढून आवळा. गोळा झाला आणि पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजात पाऊस असला तर पेरा. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, ‘मेघदूत’ ॲपवरही दिसतो.

यंत्राने लावणी करायची असेल तर ट्रेमधला तरवा लागतो, आणि तो साधारण अठराव्या दिवसापर्यंतच यंत्राला चालतो. यंत्राची तारीख पक्की झाल्याशिवाय ट्रे भरू नका. जुलैत सगळ्यांना एकाच आठवड्यात यंत्र हवं असतं. ट्रेमध्ये मुळं गुंतून बसली की शेवटी माणसंच लावावी लागतात, आणि माणसं कुठे मिळतात ते सर्वांना ठाऊक आहे.

६. खाजनातलं मीठ धुणं

घाई सर्वांत जास्त इथे होते. शेत पाण्याने भरलेलं दिसलं की लोकांना वाटतं मीठ गेलं. पाणी साचलं म्हणजे मीठ विरघळलं एवढंच. ते बाहेर गेलं पाहिजे.

१) मेरा बांधून पावसाचं पाणी दोन-तीन दिवस शेतात कोंडा.

२) चिखल एकदा ढवळून घ्या, म्हणजे मातीतलं मीठ पाण्यात उतरतं.

३) सुकतीची वेळ पाहून मानस उघडी ठेवा आणि पाणी पूर्ण जाऊ द्या. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांपेक्षा उधाणाच्या दिवसांतली सुकती खोल असते, ती साधा. त्याच दिवसांत भरतीही मोठी असते, म्हणून दारं वेळेत मिटली का ते बघायला माणूस ठेवा.

४) हे किमान तीनदा करा. पाऊस कमी असेल तर चारदा.

जुनी माणसं पाणी जिभेला लावून सांगायची, आणि त्यांची जीभ फारशी चुकत नसे. आपल्याला तो सराव नाही. क्षारता मोजायचं पेनासारखं छोटं यंत्र येतं, ते वाड्यावर सामाईक घ्या. चिखल ढवळून एक रात्र ठेवा आणि सकाळी शेतातल्या चार कोपऱ्यांचं पाणी मोजा. भाताचं साधं वाण मातीच्या अर्कातली क्षारता ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पन्नात घटू लागतं. साचलेल्या पाण्याचा आकडा मातीच्या अर्कापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे यंत्रावर २ दिसले तरी सावध राहा आणि आणखी एकदा धुवा.

*इशारा:* बी मिठात उगवतं, त्यावर फसू नका. भाताला मीठ सर्वांत जास्त बाधतं ते कोवळ्या रोपपणी आणि पुन्हा फुलोऱ्याच्या वेळी. उगवण छान आली म्हणून खूश झालेली शेतं पंधरा दिवसांनी पिवळी पडलेली मी पाहिली आहेत.

७. लावणी

रोपाचं वय वाणावर ठरतं. वाण जेवढ्या महिन्यांचा तेवढे आठवडे, हा ढोबळ हिशेब चांगला आहे. चार महिन्यांच्या वाणाला चार आठवडे. त्याहून जून रोप लावलं तर फुटवे कमी येतात. खाजनात मात्र ३० ते ३५ दिवसांचं थोराड रोप घ्या आणि एका चुडीत (एका जागी लावायच्या जुडीत) तीन-चार काड्या ठेवा, कारण कोवळ्या रोपाला मीठ झेपत नाही आणि खेकडे खातात ते वेगळंच. खेरीवर दोन-तीन काड्या पुरतात. रोप उथळ लावा, दोन-तीन सेंटिमीटर. पुराच्या भीतीने खोल रुतवलेलं रोप फुटतच नाही.

८. खत पावसाची उसंत बघून

मुसळधार पावसाआधी फेकलेला युरिया मांडवी-झुवारीला घातल्यासारखा आहे. नत्राचे तीन हप्ते करा: लावणीला ४० टक्के, फुटव्यांना ४०, लोंबी पोटरीत (पानाच्या वेढ्यात) धरताना २०. प्रत्येक हप्त्याला पुढचे दोन दिवस मोठा पाऊस नसल्याची खात्री हवी. तारीख उलटली तर उलटू द्या.

याहून चांगली युक्ती म्हणजे युरिया-डीएपीच्या गोळ्या. रोपं १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावायची आणि लावणीच्याच दिवशी १५ सेंटिमीटरच्या प्रत्येक चौकोनात, चार चुडांच्या मधोमध, २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खुपसायची. कोकणात चारसूत्री म्हणून हीच पद्धत चालते. हेक्टरी १७० किलोच्या आसपास गोळ्या लागतात. खत चिखलात राहतं, पावसाने वाहत नाही. मजुरी वाढते, हे नाकारत नाही. मी निम्म्या शेतात गोळ्या आणि निम्म्यात हप्ते असंच करतो.

गिरीपुष्पाचा पाला मेरेवर असेल तर लावणीच्या आठवडाभर आधी चिखलात गाडा.

९. खंड पडला तर, पूर आला तर

पावसाने खंड घेतला तर मोरडीवर आधी तण काढा, कारण उरलेली ओल तेच पितं. एकच पाणी देता येण्यासारखं असेल तर ते लोंबी पोटरीत असताना द्या. तिसऱ्या टप्प्यात लिहिलेली फुलोऱ्याची तारीख इथे कामाला येते.

पाणी वाचवण्यासाठी शेत आलटून-पालटून सुकवण्याची पद्धत हल्ली सगळीकडे सांगतात. साळावली, अंजुणे किंवा तिळारीच्या कालव्यावरच्या वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातात, ती जरूर करा. छिद्रं पाडलेली नळी जमिनीत रोवायची आणि आतली पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेली की पाणी सोडायचं. फुलोऱ्याचा आठवडा मात्र पाणी उभं ठेवायचं.

*इशारा:* खाजनात ही पद्धत अजिबात नको. शेत सुकलं की खालचं मीठ वर येतं. तिथे खंडात साचवलेलं गोडं पाणी सोडू नका, मानस बंद ठेवा.

२३ जुलै २०२१ ला सत्तरी-डिचोलीत म्हादई चढली तेव्हा पाणी ओसरल्याच्या दुसऱ्याच दिवशी लोकांनी युरिया टाकला. पिवळं पडलेलं रोप त्या वेळी खत घेत नाही. आधी पाणी काढा आणि पानांवर बसलेला गाळ स्वच्छ पाण्याने धुवा. नवं पान फुटलेलं दिसलं की थोडं नत्र आणि पोटॅश द्या. मेलेल्या जागी दुसऱ्या हप्त्यातला तरवा लावा. तो संपला असेल तर दाट चुडांतले फुटवे मुळासकट विलग करून लावा.

१०. कापणी

लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापा. सगळं शेत सोन्यासारखं होण्याची वाट बघायची चैन जुन्या हवामानात होती. कापणीच्या दहा दिवस आधी पाणी काढून टाका. हार्वेस्टर यायचा असेल तर दोन आठवडे आधी, आणि खाजनात साखळीपट्ट्याचाच मागवा, टायरचा रुततो. यंत्राची नोंदणी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी करा. चवथ झाली की सगळा गोवा एकदम जागा होतो.

पाऊस तोंडावर असेल तर कापलेलं भात शेतात एक रात्रही ठेवू नका. कापून लगेच झोडा. ओलं भात ढिगात किंवा पोत्यात राहिलं की गरम होतं आणि मोड येतात. पंखा लावून पडवीत चार बोटांच्या जाडीने पसरा आणि दर दोन तासांनी पायाने उलटा. उभं भात आडवं होऊन पाण्यात पडलं आणि कापता येत नसेल तर लिटरला ५० ग्रॅम मीठ घालून लोंब्यांवर फवारा. मोड येणं काही दिवस लांबतं. खाजनात हे करू नका.

*तपासा:* दाणा दाताखाली ‘कट’ वाजला पाहिजे. साठवणीला ओल १४ टक्क्यांपर्यंत चालते, बियाण्याला १२.

११. नुकसान झालंच तर

पडलेलं पीक साफ करण्याआधी फोटो काढा. मेर, मानस, शेजारचं झाड अशी ओळखता येणारी खूण फोटोत असू द्या. पीक विमा असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि कापून शेतात पसरलेल्या पिकाला संरक्षण फक्त १४ दिवस असतं. विमा नसला तरी शेतकरी आधार निधीसाठी विभागीय कृषी कार्यालयात अर्ज करता येतो. कृषी कार्ड आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा आधीच काढून एका पिशवीत ठेवा. उताऱ्यावर आजोबांचं नाव असेल तर ते काम या उन्हाळ्यातच हातात घ्या. पंचनामा होण्यापूर्वी कुणी सांगितलं तरी शेत नांगरू नका.

१२. वायंगणात एकच गोष्ट

सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी लांबली की वायंगणाची पेरणी लांबते, आणि फुलोरा मार्चच्या उन्हात सापडतो. भात सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान फुलतं, आणि त्या वेळी पारा ३५ च्या वर असेल तर दाणा भरत नाही. कालव्याचं पाणी कधी सुटणार ते नोव्हेंबरात विचारा. डिसेंबरअखेरपर्यंत लावणी होण्याची शक्यता नसेल तर भाताऐवजी अळसांदे (चवळी) लावा.

बियाण्याचं भात कापताना वेगळं ठेवलेलं असेलच. पत्र्याच्या डब्यावर वाण, शेताचं नाव आणि कापणीची तारीख खडूने नव्हे, रंगाने लिहा. खडू पावसाळ्यातल्या दमटपणात पुसतो, आणि जूनमध्ये कोरगुट कुठला आणि ज्योती कुठली हे सासूला विचारत बसावं लागतं.